डाव्या डोळ्यातली ओदियार्द

मंगळवार, १० डिसेंबर १८६७. सकाळी साडेनऊ वाजता ओनेसिम ब्रेशारने ओदियार्दचे डोके मानेच्या खुंटीवरून उपसले, कोटाच्या खिशात टाकले आणि तिथे दुसरे बसवले.

दोन्ही डोकी मातीची होती, चेरीएवढी. 'ओदियार्द' हा त्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये चाललेला पाच अंकी ऑपेरा. शेवटच्या अंकात ही ओदियार्द राजवाडा पेटवून देते आणि मशाल हातात घेऊन जिन्यावर उभी राहते. ब्रेशारने तो जिना, तो राजवाडा आणि एकवीस दरबारी मातीत घडवून एका मेजावर मांडले होते. असे एकूण बारा देखावे. त्यांचे फोटो डाव्या डोळ्यासाठी एक आणि उजव्यासाठी एक असे जोडीने काढायचे, पातळ कागदावर छापायचे, मागच्या बाजूने रंगवायचे आणि दिवे, हिरे, ज्वाळा असतील तिथे सुईने भोके पाडायची. मग तो कागद जोडभिंगात घालून उजेडाकडे धरला की करडे चित्र रंगीत होते, माणसे उठून पुढे येतात आणि राजवाड्याला खरोखर आग लागते.

ऑपेरा बसत होता तेव्हापासून या बारा देखाव्यांवर ब्रेशारचे अकरा महिने गेले होते. मागच्या मालिकेतली भुते शेपट्या मोडून दरबारी म्हणून वापरली तरी अकरा महिने. (एका दरबाऱ्याची शेपटी मुळापासून निघाली नाही. तो सगळ्या चित्रांत झगा ओढून उभा आहे.) चित्रे विकायची तर नाट्यगृहाचे परवानगीपत्र हवे, आणि ती नववर्षाच्या भेटींसाठी बुलेवारवर, म्हणजे रुंद हमरस्त्यावर, लागणाऱ्या दुकानांत डिसेंबरातच पोचायला हवीत. एक जानेवारीनंतर ती कोणी घेत नाही, आणि फेब्रुवारीपर्यंत हा ऑपेरा चालेल याची खात्री गाणाऱ्यांनाही नव्हती. पत्र ऑक्टोबरात मिळाले होते. त्यात एक अट होती: रंगमंचावर जे दिसते तेच चित्रात दिसावे, नाहीतर परवानगी रद्द.

अडचण इथूनच सुरू झाली. १९ नोव्हेंबरला पहिल्या प्रयोगात ओदियार्द गायली ती लेओकादी मार्सान. बाराव्या चित्रात चेहरा नेमका समोर येत असल्यामुळे ब्रेशारने तिला दोन दुपारी समोर बसवून डोके घडवले. बाकीच्या अकरांत ओदियार्द पाठमोरी किंवा बुरख्यात आहे. ब्रेशारला पाठी चांगल्या जमतात. बसण्याच्या बदल्यात लेओकादीने त्याच्याकडून लिहून घेतले की बाराव्या चित्रातला चेहरा तिचाच राहील. त्याने खुशीने लिहून दिले. दुसऱ्या दुपारी तिच्या गळ्याला लोकरी मफलर होता. त्याकडे त्याने लक्ष दिले नाही.

तीन प्रयोगांनंतर तिचा आवाज बसला. चौथ्याला इर्मा देल्साल उभी राहिली आणि लोकांनी तिला सात वेळा पडद्याबाहेर बोलावले. तरी नाट्यगृहाने बदल तात्पुरता असल्याचेच सांगितले होते. सोमवारी, ९ डिसेंबरला, चिठ्ठी आली की भूमिका आता हंगाम संपेपर्यंत मादमुआझेल देल्साल यांची आहे आणि चित्रही त्यांचेच असावे.

ब्रेशारने त्या दुपारी इर्माच्या फोटोवरून नवे डोके केले आणि शेगडीजवळ वाळत ठेवले. कोणाशी बोलला नाही. बोलण्यासारखे फारसे कोणी उरलेही नव्हते, कारण फोटो काढणारा ईजिदोर कालमेल आणि तो शनिवारपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याचे कारण एक काच. (तेव्हा फोटो आधी काचेवर उतरत.) कालमेलकडे एकाच भिंगाचा कॅमेरा होता. तो रुळावर ठेवून आधी डाव्या डोळ्याची काच घ्यायचा, मग कॅमेरा चार बोटे सरकवून उजव्याची. शनिवारी, ७ तारखेला, त्याने बाराव्या देखाव्याच्या दोन्ही काचा घेतल्या. डावी उत्तम आली. उजवीवरचा थर वार्निश देताना कोपऱ्यातून उचकटला. ब्रेशारने त्याला चार बायकांसमोर धांदरट म्हटले. कालमेल पडद्यामागे गेला आणि त्याने जाहीर केले की यापुढे काय सांगायचे ते मादाम पेरुशोंमार्फत सांगावे.

मादाम झेली पेरुशो रंगाच्या टेबलाची प्रमुख. वय साठ, विधवा, डावा डोळा मोतीबिंदूने गेलेला, उजवा घारीचा. तिच्या हाताखाली चार रंगारणी.

मंगळवारी डोके बदलून झाल्यावर ब्रेशारने नाट्यगृहाकडे जायला टोपी घातली. हे शेवटचे डोके, असे नाट्यगृहाकडून लिहून घ्यायचे त्याने ठरवले होते.

"मादाम पेरुशो, कालमेलला सांगा, बारावं चित्र पुन्हा काढायचं आहे."

"अहो मालक, तो पडदा काही भिंत नाही. त्याला ऐकू गेलंय."

"मी तुम्हाला सांगतोय."

झेलीने ब्रश खाली ठेवला आणि मान वळवली. "मस्यू कालमेल, मालक म्हणतायत, बारावं पुन्हा काढायचं आहे."

"माहीत आहे," पडद्यामागून आवाज आला. "त्यांना म्हणावं, मला शिकवू नका."

निरोप चोख पोचला होता. फक्त ब्रेशारच्या मनात नवे डोके होते आणि कालमेलच्या मनात खराब झालेली उजवी काच.

अकरा वाजता ऊन पडले. डिसेंबरात पॅरिसच्या चौथ्या मजल्यावर ऊन पडले की फोटोवाला जेवणाच्या ताटावरूनही उठतो. कालमेलने शनिवारची डावी काच पाहून कॅमेरा जागेवर आणला, चार बोटे सरकवला, काळ्या कापडाखाली गेला. तिथे चित्र उलटे दिसते. जिना छताला, ओदियार्द डोक्यावर उभी. त्याने मशाल जुळवली, पदराच्या घड्या जुळवल्या, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. चेहरा जुळवायचे काही कारण नव्हते. चार मिनिटे भिंग उघडे ठेवले, काच धुतली. निर्दोष. डावी आधीचीच चांगली होती. त्याने एक काच वाचवली आणि त्याबद्दल त्याला जरा अभिमानही वाटला.

बुधवारी बाराव्या चित्राची छपाई सुरू झाली. छापील कागदावर तो चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा. रंगारणी मागच्या बाजूने रंगवतात, त्यांना चेहऱ्याच्या जागी फिकट गुलाबी ठिपका द्यायचा असतो. ठिपका कोणाच्या नाकावर पडतो याची चौकशी त्या करत नाहीत. झेलीने नियमाप्रमाणे पहिली प्रत जोडभिंगात घालून पाहिली. डावा डोळा गेलेला असल्यामुळे तिला सगळे सपाट दिसते, पण भोके जुळली की नाही हे तिला कळते. "ठीक आहे," ती म्हणाली. ब्रेशार त्या वेळी खाली पुठ्ठ्याच्या चौकटीवाल्याशी भांडत होता.

सोमवारी, १६ तारखेला, दुपारी दोन वाजता नाट्यगृहाचा चिटणीस फोंतुर्नेल संच मंजूर करायला आला. बरोबर इर्मा देल्साल होती, फरच्या गळपट्ट्यात. चारशे संच भिंतीला लावून ठेवले होते. बाहेर सकाळपासून धुके उतरले होते, म्हणून खिडकीत दिवा ठेवला होता.

फोंतुर्नेलने अकरा चित्रे पाहिली, मान डोलावली, बारावे घातले.

"वा! ही मादमुआझेल देल्साल. हनुवटीवरची खळीसुद्धा आहे. ब्रेशार, कमाल केलीत."

"बघू," इर्मा म्हणाली. तिने जोडभिंग डोळ्यांना लावले. दिव्याकडे वळून पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाली, "मस्यू ब्रेशार, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"का? काय झालं?"

"हे नाक कोणाचं आहे?"

"तुमचंच."

"असलं नाक पॅरिसमध्ये एकाच बाईला आहे. आणि तिला सध्या बोलतासुद्धा येत नाही."

फोंतुर्नेलने भिंग परत घेतले. "अहो, ही काय खळी! तुम्हीच आहात."

"माझी खळी माझ्या तोंडावर आहे. तिथे शोधा ना."

"मालक, मला तर ह्याच मादमुआझेल दिसल्या," झेली म्हणाली. "पहिल्या दिवसापासून ह्याच."

"मला दाखवा," टेबलाच्या टोकाची रंगारीण उठली. तिने पाहिले. "अगं बाई. मला तर मार्सानबाई दिसतायत. चक्क."

मग सगळ्यांनी पाहिले. फोंतुर्नेल, झेली आणि एक रंगारीण इर्माच्या बाजूने. इर्मा आणि दोन रंगारणी लेओकादीच्या. चौथी म्हणाली, "मला दोघी दिसतात, एकीत एक," आणि तिला दोन्ही पक्षांनी गप्प बसायला सांगितले.

ब्रेशारने शेवटी पाहिले. जिना पक्का होता. दरबारी आपापल्या जागी होते, झगा ओढलेलासुद्धा. मशालीतून उजेड येत होता. चेहरा मात्र एका जागी थांबत नव्हता. नाक येई, मग विरघळे आणि खळी वर येई, मग पुन्हा नाक. त्याने भिंग खाली घेतले, डोळे चोळले आणि पुन्हा पाहिले.

"रंग ओला आहे," तो म्हणाला.

"ओला रंग नाक बदलतो?" इर्माने विचारले.

फोंतुर्नेलला कटकट नको होती. त्याने जोडभिंग आणि बारावे चित्र पेटीत घालून पेटी उचलली. "हे मी संचालकांपुढे ठेवतो. ते शुक्रवारी ब्रसेल्सहून येतात. त्यांनी पाहून ठरवावं. तोवर एक संच बाहेर जायचा नाही."

"शुक्रवारी वीस तारीख आहे," ब्रेशार म्हणाला. "दुकानं लागलीसुद्धा."

"मग त्यांना आवडावं अशी प्रार्थना करा. फार किचकट माणूस. शिकारीत छर्रा लागला तेव्हापासून एकाच डोळ्यानं दिसतं त्यांना, पण चुका दोन डोळ्यांच्या काढतात."

दोघे जिना उतरून गेले. इर्माचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता.

ब्रेशारने दुसरे जोडभिंग काढले, त्यात दुसरी प्रत घातली. डावा डोळा मिटला. इर्मा. उजवा मिटला. लेओकादी. त्याने खात्रीसाठी पुन्हा केले. मग तो नऊ दिवसांत पहिल्यांदाच थेट ओरडला.

"कालमेल!"

"त्यांना सांगा, मी कामात आहे," पडद्यामागून उत्तर आले.

"मादाम पेरुशो, त्या गाढवाला सांगा..."

"मालक, गाढव पाच पावलांवर आहे. तुम्हीच सांगा. मला आता दोघांचा कंटाळा आलाय."

कालमेल बाहेर आला. ब्रेशारने त्याच्या हातात भिंग दिले आणि आधी एका डोळ्यावर हात ठेवला, मग दुसऱ्या. कालमेलने स्वतः पुन्हा एकेक डोळा मिटून पाहिले.

"तू डोकं बदललंस," तो म्हणाला.

"अर्थात बदललं! पुन्हा काढ म्हणून सांगितलं ते कशासाठी?"

"उजवी खराब झाली होती म्हणून. डोक्याबद्दल एक शब्द तरी बोललास?"

"डोकं समोर होतं! खांद्यावर होतं! तुला काय दिसत नाही?"

"मला उलटं दिसतं, ओनेसिम. वीस वर्षं मला सगळं उलटं दिसतंय. तू तोंडानं बोलला असतास तर सुलट कळलं असतं."

झेलीने मध्येच विचारले, "म्हणजे एका डोळ्यात एक बाई आणि दुसऱ्यात दुसरी? आणि ज्याचा जो डोळा जोरात, त्याला ती?"

"हो," दोघे एकदम म्हणाले.

"मग मला मरेपर्यंत इर्माच दिसणार," ती म्हणाली आणि कामाला लागली.

ब्रेशारने डाव्या काचेची पुन्हा मागणी केली. नव्या डोक्यासह, आत्ताच्या आत्ता. कालमेलने खिडकी उघडून दाखवली. समोरचे घर दिसत नव्हते. "उजेड आण, काढतो." आणि काच मिळाली तरी छपाई, रंग, सुया. झेलीने बोटे पुढे केली. "एका चित्राला दोनशे चोवीस भोकं, मालक. चारशे चित्रं. शुक्रवार परवाच्या पलीकडे आहे. विचारानंच बोटं दुखतायत माझी."

धुके मंगळवारी तसेच राहिले, बुधवारीही.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता लेओकादी मार्सान आली. नाट्यगृहातल्या गोष्टी शहरात पोचायला तीन दिवस पुरतात. तिचा आवाज अजून घोगरा होता, म्हणून ती कमी बोलत होती, आणि कमी बोलत असल्यामुळे सगळ्यांना ऐकावे लागत होते.

"दाखवा."

तिने पाहिले. उजवा डोळा मिटला, डावा उघडा ठेवला. तसेच धरून उभी राहिली.

"मादमुआझेल," ब्रेशार म्हणाला, "चूक झाली. पहिल्या उन्हात डावी काच बदलतो. तुमची माफी मागतो."

"बदलता?" तिने हातमोज्यातून एक घडीचा कागद काढला. त्याच्याच अक्षरातला. "वाचू का? आवाज नाही, पण वाचेन."

"नाट्यगृहाची अट आहे हो! जे रंगमंचावर दिसतं तेच चित्रात. नाहीतर अकरा महिने मातीच्या बादलीत जातील. मी काय करू?"

"पहिल्या रात्री रंगमंचावर मी दिसले. तीन रात्री. अटीत तारीख आहे का?"

ब्रेशारला अट पाठ होती. तारीख नव्हती.

"डावा डोळा माझा," ती म्हणाली. "तो मला राहू द्या. उजव्यात ती असो, मी काही म्हणत नाही. डावी काच बदलली तर हा कागद घेऊन मी न्यायाधीशाकडे जाईन."

झेली दुसऱ्या एका मालिकेची भोके पाडत होती. तिने मान वर केली. "मादमुआझेल, एक विचारू? संचालकांचा कोणता डोळा गेलाय?"

ब्रेशार झेलीकडे पाहू लागला, कालमेल ब्रेशारकडे. एका डोळ्याच्या माणसाला चेहरा एकच दिसणार, आणि तो ठाम दिसणार. उजवा डोळा शाबूत असेल तर इर्मा आणि परवानगी. डावा असेल तर लेओकादी, आणि परवानगी गेली.

"आठ महिने तुम्ही तिथे होतात," ब्रेशार म्हणाला. "आठवा ना! तुमच्याशी बोलताना मान कुठे वळवायचे?"

लेओकादीने खरोखर आठवून पाहिले. "माझ्याशी बोलताना ते दुसरीकडेच पाहायचे," ती म्हणाली.

तिने एक चित्र मागितले. ब्रेशारने दिले. आणखी काय करणार होता? तिने ते कागदासोबत पिशवीत सरकवले आणि गेली.

दुपारी कालमेल नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी जाऊन पहारेकऱ्याला भेटून आला. पहारेकरी म्हणाला, उजवा. कपडेपटावरची बाई म्हणाली, छे, डावा, मी रोज बघते. मेणबत्तीवाल्याचे म्हणणे पडले की दोन्ही शाबूत आहेत, सायबाला फक्त वाढीव पगार मागणारे दिसत नाहीत.

"एवढं विचारायला तीन तास?" ब्रेशार म्हणाला.

"तू जा मग."

"मी गेलो तर फोंतुर्नेल भेटेल."

"मग बस."

शुक्रवार, २० डिसेंबर. ब्रसेल्सची गाडी धुक्यामुळे पन्नास मिनिटे उशिरा आली. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी संचालक नाट्यगृहात शिरले. तीन चाळीसला फोंतुर्नेल पेटी घेऊन त्यांच्या खोलीत गेला. इर्मा देल्साल बाहेरच्या बाकावर बसली होती. चारच्या सुमाराला आतून कोणीतरी दिवा मागवला, असे पहारेकरी सांगतो. त्यानंतर दार उघडलेले नाही.

सँ-मार्तां वेशीजवळ, ब्रेशारच्या चौथ्या मजल्यावर चारशे संच दोरीने बांधून तयार आहेत. मेजावर ओदियार्द मशाल घेऊन उभी आहे. तिच्या मानेची खुंटी मोकळी आहे, आणि दोन्ही डोकी खिडकीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. ब्रेशार आणि कालमेल पुन्हा बोलत नाहीत. पाच वाजेपर्यंत नाट्यगृहातून निरोप आलेला नव्हता.